जलपर्णी आणि गाजरगवतावर कीटक सोडावेत का? किती, कधी आणि कोणते?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तळ्यावर जलपर्णीचा थर जमला आहे, काठावर आणि लगतच्या पडीक जमिनीत गाजरगवत माजले आहे. दरवर्षी दोन्ही काढता आणि दरवर्षी ती परत येतात. यांच्यावर कीटक सोडता येतात असे तुमच्या कानावर आले आहे. तेव्हा किती कीटक सोडायचे, किती दिवसांत तण साफ होईल, आणि तण संपले की हेच कीटक शेजारच्या पिकांवर उतरणार नाहीत ना, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

तणांच्या जैविक नियंत्रणात माझी बरीच वर्षे गेली आहेत. बहुतेक जण आधी "किती सोडायचे?" हेच विचारतात. आकडा पुढे सांगतो, पण खरी अडचण आकड्याची नसते. कीटक म्हणजे तणनाशकाची दुसरी बाटली असे मनात धरले, की पुढचे सगळे निर्णय चुकत जातात. फवारणीचा परिणाम आठ-पंधरा दिवसांत दिसतो आणि त्याच हंगामात संपतो. कीटकाला खायला तण लागते, पिढी वाढवायला वेळ लागतो, आणि जागा मानवली तर तो आपणहून पसरतो. तुमच्या हातात दोन गोष्टी राहतात: योग्य कीटक योग्य तणापर्यंत पोहोचवणे आणि पोहोचल्यावर त्याला तिथे जगू देणे. दुसरी गोष्ट लोक विसरतात. माझ्या पाहण्यातले बहुतेक प्रयत्न तिथेच फसलेले आहेत.

पण सगळ्यात आधी पिकांच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट मिळाल्याशिवाय कोणीही एकसुद्धा भुंगेरा सोडू नये.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, गाजरगवत मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे. तिथे या वनस्पती आहेतच, पण त्यांची पाने कुरतडणारे, देठ पोखरणारे, बिया खाणारे कीटकही तिथे आहेत. इकडे येताना तण आले आणि त्याचे शत्रू मागे राहिले. भारतात गाजरगवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली, आणि तिथून ते देशभर गेले ते याच मोकळीकीमुळे. जैविक नियंत्रण म्हणजे मागे राहिलेल्या त्या शत्रूंपैकी एखाद-दुसरा, अगदी पारखून, इकडे आणणे.

ही पारख कशी होते ते सांगतो. वनस्पती खाणारे काही कीटक टोळासारखे असतात, मिळेल ते हिरवे खातात. त्यांचा इथे विचारही होत नाही. दुसऱ्या प्रकारचे कीटक एकाच वनस्पतीवर किंवा तिच्या अगदी जवळच्या नातलगांवर हजारो पिढ्या जगत आलेले असतात. त्या झाडातली कडू-विषारी द्रव्ये त्यांना पचतात, त्याच्या वासावरून मादी ते शोधते, त्यावरच अंडी घालते. असा कीटक दुसऱ्या झाडावर बसेल, क्वचित चावाही घेईल. पण तिथे तो अंडी घालतो का, आणि त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या वाढून प्रौढ होतात का, हा खरा कस. बंदिस्त विलगीकरणात तणाच्या सगळ्यात जवळच्या नातलगांपासून सुरुवात करून हळूहळू दूरच्या वनस्पतींपर्यंत चाचण्या घेतल्या जातात. वॉपशेर या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही पायाभूत मानली जाते. त्या त्या देशातली महत्त्वाची पिके यादीत असतातच. एका चाचणीत कीटकाला फक्त ते एकच झाड देतात: खा, नाहीतर उपाशी मर. दुसरीत तण आणि ते झाड शेजारी ठेवतात. यात काही वर्षे जातात, आणि पुष्कळ कीटक इथेच बाद होतात.

बाद होण्याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. गाजरगवताच्या खोडात गाठ करून आत राहणारा एपिब्लेमा नावाचा एक छोटा पतंग आहे. ऑस्ट्रेलियात तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडला आणि त्याने तिथे चांगले काम केले. भारतातही तो चाचणीसाठी आणला होता. विलगीकरणात असे दिसले, की कारळ्याच्या झाडावरही त्याची वाढ पूर्ण होते. कारळे हे आपल्याकडचे तेलबियांचे पीक. तो साठा नष्ट केला गेला आणि पतंग भारतात सोडलाच नाही. एका देशात चांगला ठरलेला कीटक दुसऱ्या देशात सोडण्याजोगा असेलच असे नाही, ते तिथे आजूबाजूला काय पिकते आणि काय उगवते यावर ठरते.

गाजरगवतावर भारतात सोडला गेला तो मेक्सिकन भुंगेरा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलोराटा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि चाचण्या करून १९८४ मध्ये शेतात सोडला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच भागात तो सूर्यफुलाची पाने खाताना दिसल्याची ओरड झाली. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातली, त्यामुळे घबराट होणे साहजिक होते. सरकारी समितीने तपासणी केली, शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. निष्पन्न असे झाले, की गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि त्या परागांच्या ओढीने प्रौढ भुंगेरे पान खात होते. सूर्यफुलावर त्यांची पिढी पुढे सरकत नव्हती. त्यानंतर हा भुंगेरा देशाच्या फार मोठ्या भागात पसरला आहे आणि सूर्यफुलाची कीड म्हणून तो उभा राहिलेला नाही. तरी तुमच्या शेजारी सूर्यफूल असेल तर काठावरचे गाजरगवत फुलण्याआधीच उपटावे, असे मी सांगेन. परागच उडाले नाहीत तर हा प्रकार घडायला कारण उरत नाही.

आता उलट बाजूही सांगतो, कारण फक्त गोड गोष्टी सांगून कोणाला काही सोडायला लावणे मला पटत नाही. उत्तर अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या शेवटी एका परदेशी काटेरी तणाच्या बिया खाण्यासाठी रायनोसिलस नावाचा सोंडभुंगा सोडला. तो त्या तणाच्या स्थानिक, निरुपद्रवी नातलगांच्या बियाही खाऊ लागला, आणि १९९७ मध्ये ती हानी प्रसिद्ध झाली. तो स्थानिक झाडांवर जगू शकतो याचे संकेत आधीच मिळाले होते. त्या काळी रानटी झाडांना पिकांइतकी किंमत नव्हती, म्हणून तिकडे काणाडोळा झाला. आज तोच कीटक चाचणीतून पुढे गेला नसता. घाणेरीवर आणलेली टेलिओनेमिया नावाची जाळीदार पंखांची, ढेकणाच्या जातीची कीडही अशीच. ती १९४१ मध्ये डेहराडूनला आणली, चाचणीत सागाच्या फुलांवर जाते असे दिसले म्हणून साठा नष्ट केला, तरी ती तिथून निसटली आणि पसरली. नशिबाने सागाचे म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. पण विलगीकरणाच्या दाराला इतके जपावे का लागते, हे त्यातून कळते.

आणि निवडुंगाचा इतिहास तर दोन्ही बाजू दाखवतो. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाने सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन गिळली होती. लोक शेते सोडून निघून गेले. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची सुमारे तीन हजार अंडी आणली गेली, त्यांच्यावरून साठा वाढवला आणि पुढच्या वर्षापासून तो सोडला. अळ्या घोळक्याने फड्यात शिरतात, आतला गर खातात, फडा सडून कोसळतो. १९३३ च्या सुमारास ते दाट निवडुंगबन जमीनदोस्त झाले होते. लोकांनी क्वीन्सलँडमध्ये बूनार्गा इथे या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले, ते आजही उभे आहे. ऑस्ट्रेलियात निवडुंगाची एकही जात मूळची नाही, म्हणून तिथे हा पतंग वरदान ठरला. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला, १९८९ मध्ये फ्लोरिडात दिसला, आणि तिथल्या दुर्मीळ स्थानिक निवडुंगांच्या मुळावर उठला. मेक्सिकोत तर निवडुंग हे पीक आहे. तिथल्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर तो सापडताच त्याला हुसकून लावण्यासाठी मोठी मोहीम घ्यावी लागली.

या विषयात केन टोडचे नाव हमखास निघते. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसावरचे भुंगे खायला आणलेले ते बेडूक आज त्या खंडाची डोकेदुखी आहेत. पण तो प्राणी तोंडात मावेल ते खातो, आणि सोडण्यापूर्वी त्याची अशी कोणतीही पारख झाली नव्हती. एकाच झाडावर जगणाऱ्या कीटकाशी त्याची बरोबरी होत नाही.

तर "तण संपल्यावर हे काय खाणार?" या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: पारखलेला कीटक उपाशी मरतो. तण कमी झाले की त्याची संख्याही घसरते, थोडे तण उरते, त्यावर थोडे कीटक उरतात, आणि तण पुन्हा डोके वर काढू लागले की तेही वाढतात. यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. कीटक तण समूळ नाहीसे करत नाहीत. ते त्याला खालच्या पातळीवर आणतात आणि तिथे धरून ठेवतात. एकही रोप दिसू नये अशी तुमची अपेक्षा असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, आणि ते आधीच कळलेले बरे.

ओळख चुकली तर काय होते, याचे मला सगळ्यात बोलके वाटणारे उदाहरण साल्विनियाचे आहे. हा पाण्यावर तरंगणारा नेचा. बरीच वर्षे तो साल्विनिया ऑरिक्युलाटा समजला जात होता, म्हणून त्या जातीवरचे कीटक आणून सोडले आणि काहीच घडले नाही. १९७२ मध्ये ही वेगळी जात आहे हे स्पष्ट झाले आणि तिला साल्विनिया मोलेस्टा असे नाव मिळाले. मग तिचे खरे माहेर शोधले, ते १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तिथल्या झाडांवरचा सोंडभुंगा आधीच्याच जातीचा वाटत होता, तपासल्यावर तोही वेगळा निघाला: सायर्टोबॅगस साल्विनी. हा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि वर्ष-सव्वा वर्षात हजारो टन साल्विनिया बुडाला. भारतात १९८३ पासून केरळमध्ये तो सोडला, आणि काही वर्षांत कुट्टनाडचे बंद पडलेले कालवे पुन्हा होड्यांना मोकळे झाले. दिसायला जुळ्यासारखे दोन भुंगे, एक निरुपयोगी ठरला आणि दुसऱ्याने तलाव उघडे केले. म्हणून "कुठले तरी भुंगे मिळाले, सोडून देऊ" असे कोणी म्हटले की मी अडवतो.

याच भुंग्याने आणखी एक गोष्ट शिकवली. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या परिसरात सुरुवातीला तो टिकेना. कारण शोधले तेव्हा असे दिसले, की तिथल्या झाडांत नायट्रोजन इतका कमी होता की त्यावर भुंग्यांची पुढची पिढी नीट वाढत नव्हती. काही जागी पाण्यात युरिया टाकला, झाडे पौष्टिक झाली, भुंगे वाढले, पिढ्या सुरू झाल्या, आणि मग ते आपोआप सगळीकडे गेले. तणाला खत घालून तण मारले, हे ऐकायला विचित्र वाटते, पण कीटकाच्या बाजूने विचार केला की त्यात काहीच विचित्र उरत नाही.

आता तुमचे तळे. जलपर्णीवर दोन सोंडभुंगे वापरले जातात: नियोकेटिना आयकॉर्नी आणि नियोकेटिना ब्रुची. भारतात ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणले आणि तेव्हापासून अनेक जलाशयांत स्थिरावले आहेत. प्रौढ भुंगा चार-पाच मिलिमीटरचा, करडा-तपकिरी, पुढे वाकडी सोंड. दिवसा तो दिसत नाही, पानांच्या बुडाशी नाहीतर गुंडाळलेल्या कोवळ्या पानात दडून बसतो आणि रात्री खातो. खाल्ल्याची खूण मात्र दिवसाही ओळखता येते: पानावर दोन ते चार मिलिमीटरचे, साधारण चौकोनी खरवडे. वरची हिरवी साल गेलेली, खालचा पातळ पापुद्रा शिल्लक. पान उजेडाकडे धरले की हे चौकोन खिडक्यांसारखे उजळ दिसतात.

खरे काम मात्र अळी करते. मादी देठाच्या आत अंडी घालते, अळी देठ पोखरत खाली झाडाच्या गाभ्याकडे जाते. फुगीर देठ उभा चिरा, आत तपकिरी बोगदा आणि त्याच्या टोकाला पांढुरकी, पाय नसलेली, पिवळसर-नारिंगी डोक्याची अळी सापडली, तर समजा की गाडी रुळावर आहे. अळी मोठी झाली की पाण्याखालच्या मुळांवर कोष करते. अंड्यापासून प्रौढापर्यंत सुमारे तीन-चार महिने जातात. पोखरलेल्या देठांत पाणी शिरते, कुजणे सुरू होते, झाड खुजे होते, फुले कमी येतात, थर पाण्यात खाली दबतो आणि शेवटी बुडतो.

तीन-चार महिन्यांची एक पिढी आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकणारी जलपर्णी, हे गणित समोर ठेवा म्हणजे किती काळ लागतो ते लक्षात येईल. दोन वर्षे धरा, पाचही लागू शकतात. पहिल्या वर्षी पानांवरचे खरवडे सोडले तर डोळ्यांना काही दिसत नाही आणि लोक निराश होऊन सगळे उपसून टाकतात. उपसलेल्या ढिगाबरोबर अंडी, अळ्या, मुळांवरचे कोष सगळे काठावर वाळून मरते. पाण्यात उरलेल्या चार रोपांतून जलपर्णी परत येते, भुंगे येत नाहीत.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात हे भुंगे युगांडाने १९९५ च्या अखेरीपासून आणि केनियाने १९९७ पासून सोडले. १९९८-९९ पर्यंत तिथले प्रचंड थर कोसळले. त्या काळातल्या एल निन्योच्या ढगाळ, वादळी हवामानाचाही त्यात हात होता असे काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटण्यासारखे वाटते, कारण भुंग्यांनी पोखरलेला थर लाटांनी लवकर फुटतो. पुढे काही आखातांत जलपर्णी परत वाढली. सरोवरात येणारे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते थांबली नव्हती.

तुमच्या तळ्याबाबत सगळ्यात जास्त अवलंबून आहे ते यावरच. गटाराचे पाणी सरळ तळ्यात येत असेल, तर झाडाला इतके अन्न मिळते की भुंग्यांनी खाल्लेले भरून काढून ते पुढे निघून जाते. अशा ठिकाणी नुसते भुंगे सोडून मी यशाची खात्री देणार नाही. पाणी तुलनेने स्वच्छ असेल, थंडी कडाक्याची नसेल, तळे उन्हाळ्यात आटत नसेल, तर भुंग्यांना संधी चांगली आहे. तळे दरवर्षी कोरडे पडत असेल तर जलपर्णीबरोबर भुंगेही मरतात. चिखलातले बी मात्र पंधरा-वीस वर्षे टिकू शकते, पावसानंतर रोपे येतात आणि भुंगे पुन्हा आणावे लागतात.

पाणी आत्ताच मोकळे हवे असेल, पंप अडतोय किंवा मासेमारी बंद पडली आहे, तर यंत्राने किंवा हाताने काढायला हरकत नाही. फक्त सगळे एकदम काढू नका. तिसरा-चौथा हिस्सा, शक्यतो वाऱ्याच्या आडोशाचा कोपरा, दोर नाहीतर बांबूचा अडसर बांधून राखून ठेवा. भुंगे तिथे सोडा, तिथे वाढू द्या. त्या कोपऱ्यावर तणनाशक फवारू नका. लोक मला सांगतात की आम्ही दोन्ही केले, फवारलेही आणि भुंगेही सोडले, तरी फरक पडला नाही. एकाच जागी दोन्ही केले असेल तर पडणार कसा? फवारलेले झाड आठ-दहा दिवसांत कुजते, त्याच्या देठातल्या अळीला बाहेर पडून दुसरे झाड गाठता येत नाही.

भुंगे आणायची सोपी रीत अशी. जिथे ते आधीच स्थिरावले आहेत तिथली लागण झालेली झाडे मुळांसकट उचलायची, म्हणजे अंडी, अळ्या, कोष आणि प्रौढ सगळे एकत्र येतात. झाडे ओल्या गोणपाटात, सावलीत, त्याच दिवशी आणून राखलेल्या कोपऱ्यात सोडायची. आधी मुळे झटकून बघा, नाहीतर दुसरे एखादे पाणतण किंवा गोगलगायी सोबत येतील. आणि हे पाणतण एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेणे काही ठिकाणी नियमांत बसत नाही, तेव्हा जवळच्या कृषी विद्यापीठाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच न्या. निव्वळ प्रौढ भुंगे वेचून नेणे जास्त निर्धोक, फक्त त्याला कष्ट पडतात.

गाजरगवताकडे वळतो. मेक्सिकन भुंगेरा सहा-एक मिलिमीटरचा, मळकट पांढरा, पाठीवर गडद तपकिरी नागमोडी उभ्या रेषा. एकदा पाहिला की विसरत नाही. मादी पानांच्या खाली पिवळसर अंडी घालते. लहान अळ्या आधी शेंड्याचे कोंब खातात, आणि हीच त्यांची सगळ्यात मोलाची कामगिरी, कारण शेंडा गेला की फूल येत नाही. मोठ्या अळ्या पाने फस्त करतात, मग मातीत उतरून कोष करतात. पावसाळ्यात महिनाभरात एक पिढी होते. पाऊस सरला, हवा कोरडी-थंड झाली की प्रौढ जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाबरोबर बाहेर येतात.

याची कमजोर बाजू वेळेची आहे. गाजरगवत पहिल्या पावसाबरोबर उगवते. भुंगेरे तेव्हा मोजके असतात, त्यांची फौज तयार व्हायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. तोवर पहिल्या झाडांनी बी टाकलेले असते, आणि एक चांगले वाढलेले झाड दहा-वीस हजार बिया सहज टाकते. त्यामुळे भुंगेरे सोडायचे तर पावसाच्या सुरुवातीला, झाडे वीतभर असतानाच सोडावेत. ऑक्टोबरमध्ये फुलांनी पांढऱ्या झालेल्या माळावर ते सोडणे म्हणजे त्या वर्षापुरते वाया घालवणे आहे. ओलिताखालच्या जागी, जिथे गाजरगवत बारमाही असते, तिथेही पावसाळ्याबाहेर या भुंगेऱ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता आकडा. एका ठिकाणी किमान पाचशे, जमल्यास हजार प्रौढ सोडा. तेवढेच भुंगेरे पन्नास ठिकाणी वीस-वीस वाटू नका. विखुरलेल्यांना जोडीदार मिळत नाहीत, थोडे पक्ष्यांनी, कोळ्यांनी आणि मुंग्यांनी टिपले की वसाहतच संपते. एकत्र सोडलेले तिथले गवत संपवून स्वतःच पुढे सरकतात. जागा अशी निवडा जिथे नांगरट होत नाही, कारण जमिनीत झोपलेले प्रौढ नांगरटीने उघडे पडतात. शेजारच्या पिकावर कीटकनाशक फवारताना वाऱ्याची दिशा सांभाळा, ते औषध मित्र-शत्रू ओळखत नाही. भुंगेरे वेचताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालाच. गाजरगवताने त्वचेला होणारी ॲलर्जी एकदा मागे लागली की वर्षानुवर्षे सोडत नाही.

भुंगेऱ्यांनी खाऊन उघडी पडलेली जमीन तशीच ठेवली तर पुढच्या पावसात जुन्या बियांतून गाजरगवतच येणार. तिथे टाकळा फोकून द्या. तो दाट उगवतो, सावली धरतो आणि गाजरगवताच्या रोपांना वर येऊ देत नाही. भुंगेरा आणि टाकळा या जोडीवर माझा एकट्या भुंगेऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. भुंगेरा मोठ्या झाडाला खच्ची करतो, टाकळा नव्या रोपाला जागा देत नाही.

भुंगेरे कुठून आणायचे? जबलपूरचे तण संशोधन संचालनालय मेक्सिकन भुंगेऱ्यांची पैदास करून ते पुरवत आले आहे. कृषी विद्यापीठांतही चौकशी करा. परदेशातून स्वतः कीटक मागवण्याचा विचारही करू नका, त्याला वनस्पती विलगीकरणाचा परवाना लागतो, आणि मी वर सांगितले तसे निसटण्याचे प्रकार टळावेत हेच त्यामागचे कारण आहे. देशात आधीच तपासून सोडलेले आणि स्थिरावलेले कीटक एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे, एवढीच तुमची-आमची मर्यादा.

तुम्ही जाता जाता डोंगरावरच्या घाणेरीबद्दलही विचारले आहे. तिच्यासाठी मी कीटक सुचवणार नाही. हवाईत १९०२ मध्ये मेक्सिकोहून कीटक आणून घाणेरीवर सोडले, तणाचे शत्रू त्याच्या माहेरी मुद्दाम शोधून आणण्याची सुरुवात तिथून झाली असे मानतात. तेव्हापासून जगभरात चाळीसहून अधिक जाती वापरून झाल्या आणि बहुतेक ठिकाणी यश अर्धवटच आहे. घाणेरी ही बागेसाठी केलेल्या संकरांतून तयार झालेली आहे, तिचे असंख्य प्रकार आहेत, आणि एका प्रकारावर तुटून पडणारा कीटक शेजारच्या दुसऱ्या रंगाच्या फुलांच्या झुडपाकडे ढुंकून पाहत नाही. शिवाय पाने गेली तरी ती मुळातून फुटते. तिथे बुंधा मुळाशी तोडून उपटणे आणि मोकळ्या जागी स्थानिक गवत-झाडे लावणे हेच करा.

काहीही आणण्याआधी एक काम मात्र करा. कीटक सोडून आता चाळीसेक वर्षे झाली, ते तुमच्याकडे आधीच आलेले असू शकतात. तळ्याच्या वेगवेगळ्या बाजूंची वीस-पंचवीस जलपर्णीची झाडे उपटा, पाने उजेडाकडे धरून चौकोनी खरवडे बघा, जुने देठ चिरून बोगदे बघा. पावसाळ्याच्या मध्यावर गाजरगवताचे शेंडे आणि पानांची खालची बाजू बघा. भुंगे सापडले तर नवे आणायची गरज नाही. मग प्रश्न इतकाच उरतो की त्यांची संख्या का वाढत नाही, आणि त्यासाठी मला पुढची माहिती लागेल: तळ्यात गटाराचे पाणी येते का, ते उन्हाळ्यात आटते का, शेवटची सफाई कधी आणि किती भागाची झाली, आणि आसपास फवारणी कशाची होते. हे कळवलेत तर तुमच्या तळ्यापुरते नेमके सांगता येईल.